मोरचूद, अमोनिया आणि आमच्या विंगचा दंड

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी ऐन सबमिशनच्या धामधुमीत आमच्या विंगच्या कोपऱ्यातल्या बेसिनला पाणी आणणाऱ्या पाइपचा पितळी नट रात्री कधीतरी तडकला. आम्ही सगळे खोल्यांची दारं लावून, काचेखाली ट्यूबलाइट ठेवून जीटी मारण्यात गर्क. पाण्याचा आवाज येत होता, पण प्रत्येकाला वाटलं दुसरा कोणी आंघोळ करतोय! सकाळी सहाला टाकी ठणठणीत कोरडी. त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या एफईच्या पोरांची ओरल होती. बिचारे मेसच्या पिंपातलं पाणी तोंडावर मारून गेले.

रेक्टर सर आले. नटाचे दोन तुकडे हातात घेऊन म्हणाले, "हे आपोआप होत नाही. कोणीतरी फोडलंय." दुपारपर्यंत नोटीस लागली. विंगमधल्या २२ जणांना प्रत्येकी २०० रुपये दंड आणि रजिस्टरमध्ये शेरा : 'मालमत्तेची नासधूस'. दोनशे रुपये एक वेळ सोडा, पण तो शेरा पुढच्या वर्षी खोली मिळताना आडवा येतो हे होस्टेलवर सगळ्यांना माहीत आहे. मी विंगचा प्रतिनिधी, त्यात मेकॅनिकलचा. पोरं म्हणाली, "तू मेटलर्जी शिकतोस ना? मग सिद्ध कर की कोणी फोडला नाही."

मी नट घेऊन मटेरियल्सच्या सरांकडे गेलो. सरांनी भिंगातून पाहिलं. घाव घातल्याची खूण नाही, कुठे दबलेलं नाही, वाकलेलं नाही. सरळ उभी चीर, आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना निळसर हिरवा डाग. सर म्हणाले, "हा नट कुठे होता?" मी म्हणालो, "मुताऱ्यांच्या भिंतीला लागून." सर हसले. म्हणाले, "आधी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये जा. एफईला मोरचुदात अमोनिया टाकून जर्नल भरलं होतंस ना? ते एकदा समजून घे. मग माझ्याकडे ये."

मित्रांनो, हा लेख त्या समजून घेण्याचा आहे. जर्नल मी भरलं होतं. समजलं मात्र काहीच नव्हतं!

परीक्षानळीत काय दिसतं

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. आपल्यापैकी ज्यांच्या घरी द्राक्षबाग किंवा डाळिंब आहे त्यांना हे सांगायला नको. बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर पडतो तो हाच. अडीच ग्रॅम मोरचूद १०० मिली पाण्यात विरघळवला की साधारण ०.१ मोलर द्रावण होतं. रंग फिका आकाशी.

गंमत म्हणजे हा फिका निळा रंग एकट्या तांब्याचा नव्हे. मोरचुदाचे खडे तव्यावर तापवले तर त्यातलं पाणी उडतं आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाका, पुन्हा निळी. म्हणजे रंगासाठी तांब्याच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू लागतात. द्रावणात त्याच्याभोवती सहा पाणी असतात असं आपण लिहितो. पण ही सहा सारखी नसतात. चार जवळ, एका पातळीत, चौकोनाच्या कोपऱ्यांवर. उरलेली दोन वर आणि खाली, जरा लांब आणि सैल. तांब्याच्या या आयनात नऊ डी इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे आकार असा ओढला जातो. जॉन-टेलर परिणाम म्हणून जो प्रश्न व्हायव्हात येतो, तो हाच. हे 'चार जवळ, दोन लांब' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ड्रॉपरने अमोनियाचं पातळ द्रावण थेंब थेंब टाकायचं. पहिल्या काही थेंबांतच फिकट निळा, दह्यासारखा साका तयार होतो. अजून टाकत राहिलं की साका नाहीसा होतो आणि नळीत असा गडद निळा रंग येतो की एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. आधी साका, मग गडद निळा. एकाच बाटलीतल्या एकाच द्रव्याने दोन उलटी कामं कशी केली?

अमोनियाची दोन तोंडं

उत्तर असं की, अमोनिया पाण्यात गेला की त्याला दोन धंदे करता येतात.

पहिला धंदा, पाण्याकडून हायड्रोजन आयन ओढून घेणे. त्यातून अमोनियम आयन आणि हायड्रॉक्साइड आयन तयार होतात. हे फार थोडं होतं. ०.१ मोलर अमोनियात शंभरातला जेमतेम सव्वा रेणू हे करतो. पण कॉपर हायड्रॉक्साइड इतकं कमी विरघळणारं आहे की तेवढं हायड्रॉक्साइड पुरून उरतं. त्याचा विद्राव्यता गुणाकार १० च्या वजा २० व्या घाताच्या आसपास. ०.१ मोलर तांब्याच्या द्रावणात साका धरायला पीएच पावणेपाचच्या आतच पुरतो, म्हणजे द्रावण अजून आम्लच असतं! म्हणून पहिल्या थेंबालाच साका. (सल्फेटचं द्रावण असेल तर या साक्यात थोडं सल्फेटही अडकलेलं असतं, पण आपल्या कामाला फरक पडत नाही.)

दुसरा धंदा, नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी तांब्याला देऊन त्याला चिकटणे. अशा चिकटणाऱ्याला लिगँड म्हणतात. पाणीही हेच करतं, पण अमोनियाची पकड जास्त घट्ट. अमोनिया एकेक करून पाण्याच्या जागा घेतो. पहिल्या जागेसाठी समतोल स्थिरांकाचा लॉग साधारण ४.१, दुसऱ्यासाठी ३.५, तिसऱ्यासाठी २.९, चौथ्यासाठी २.१. बेरीज केली की १२.६. म्हणजे चारही जागा मिळून १० च्या बाराव्या-तेराव्या घातात खेळ! पाचव्या जागेला मात्र लॉग शून्याच्याही खाली. का? कारण वर-खालच्या त्या दोन जागा लांब आणि सैल आहेत, तिथे अमोनियाला बसून फारसा फायदा नाही. म्हणून पुस्तकात टेट्राअमाइन म्हणजे चार अमोनियाचं संयुग येतं. सहा अमोनिया बसवायचे तर पाणी सोडून द्रवरूप अमोनियात काम करावं लागतं.

थोडा अमोनिया असताना पहिला धंदा दिसतो, कारण चिकटायला पुरेसे रेणू मोकळे नसतात. भरपूर झाला की दुसरा धंदा जिंकतो. मोकळे तांबे आयन इतके कमी होतात की साक्याला विरघळून ते पुरवावे लागतात. इथपर्यंत कोणीही सांगेल. पण पुढे मी जो घोळ घातला त्यामुळे मला खरं कळलं.

धुतलेला साका आणि मामांची चिमूट

लॅबमधले मामा गेली कित्येक वर्षं एफईच्या पोरांना रसायनं काढून देत आले आहेत. मी त्यांना म्हणालो, "मामा, मला साका नीट बघायचाय." मग मी हुशारी केली. ५ मिली द्रावणात साका पाडला, गाळला, ऊर्ध्वपातित पाण्याने चार-पाच वेळा स्वच्छ धुतला, नव्या नळीत घेतला आणि त्यावर पातळ अमोनिया, साधारण १ मोलर, १० मिली ओतला. हलवला. पाणी किंचित निळसर झालं आणि साका तळाशी जसाच्या तसा!

मला वाटलं अमोनिया उडून गेलेला आहे. बाटली जुनी. मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "बाटली आजच भरलीय. तू साका धुतलास ना?" आणि फडताळातल्या एका डब्यातून पांढऱ्या भुकटीची चिमूट माझ्या नळीत टाकली. हलवताच साका विरघळायला लागला, आणि पाहता पाहता तोच गडद निळा रंग.

"काय टाकलंत मामा?"

"नवसागर. कल्हईवाला टाकतो तो."

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. का चाललं हे, ते मी त्या रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तेव्हा कळलं. आपण जर्नलमध्ये लिहितो : कॉपर हायड्रॉक्साइड अधिक चार अमोनिया, यातून टेट्राअमाइन आयन आणि दोन हायड्रॉक्साइड. समीकरण बरोबर आहे, पण त्याचा स्थिरांक काढा. विद्राव्यता गुणाकार गुणिले बाराव्या-तेराव्या घाताचा तो मोठा आकडा, म्हणजे १० च्या वजा सातव्या-आठव्या घातात काहीतरी. फारच लहान! पुस्तकातले आकडे घातले तर १ मोलर अमोनियात माझ्या साक्यातला पाच-सहा टक्केच विरघळायला हवा होता. नेमकं तेच मला दिसलं. सुटणारे हायड्रॉक्साइड आयन प्रक्रियेला मागे ढकलत होते.

आता अमोनियम आयन आत आला की तो हे हायड्रॉक्साइड गिळतो आणि पाणी व अमोनिया परत देतो. मग समीकरण बदलतं : कॉपर हायड्रॉक्साइड अधिक दोन अमोनिया अधिक दोन अमोनियम, यातून टेट्राअमाइन आयन आणि दोन पाणी. याचा स्थिरांक शेकड्यात येतो. म्हणजे सुमारे शंभर कोटींपेक्षाही जास्त पटींचा फरक, एका चिमटीत!

मग न धुतलेल्या साक्याला नवसागर का लागत नाही? कारण तो आधीच नळीत असतो. साका पडताना अमोनियाने पाण्याकडून हायड्रोजन आयन घेतले, म्हणजे एका तांब्यामागे बरोबर दोन अमोनियम आयन तयार झाले. तेच दोन नंतर साका विरघळवायला कामी येतात. महिन्याच्या सुरुवातीला मेसच्या खात्यावर उधारी आणि शेवटी चुकती, हिशेब शून्य. दोन्ही पायऱ्यांची बेरीज केली की उरतं ते साधं समीकरण : तांबे आयन अधिक चार अमोनिया, झाला टेट्राअमाइन. मी साका धुतला, म्हणजे उधारीची वहीच धुऊन टाकली होती.

(गाढ अमोनियात, म्हणजे मूळ बाटलीतल्या १५ मोलरच्या आसपासच्या द्रावणात, धुतलेला साकाही बराच विरघळतो. पण ती बाटली धुराड्याखालीच उघडायची. उघड्यावर उघडून वास घेणाऱ्याला मामा आयुष्यभर ओळखतात.)

कल्हईवाल्याचा नवसागर हाही याच घराण्यातला. तापलेल्या भांड्यावर टाकला की त्याचा अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतो. पृष्ठभागावरचं ऑक्साइड निघून जातं, आणि स्वच्छ झालेल्या धातूवर कथील पसरतं. तो पांढरा धूर आणि नाकात जाणारा वास लहानपणी गल्लीत घेतलेल्यांना आठवत असेल.

रंग गडद का होतो

पाण्याने वेढलेला तांब्याचा आयन जो प्रकाश शोषतो त्याचा मध्य सुमारे ८०० नॅनोमीटरला, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात. लाल रंगाचा थोडासा काठ तेवढा कापला जातो, म्हणून फिका आकाशी दिसतो. अमोनियाची पकड घट्ट, त्यामुळे डी पातळ्यांमधलं अंतर वाढतं आणि शोषण ६०० नॅनोमीटरच्या आसपास सरकतं. आता नारिंगी-लाल भाग पुरता कापला जातो, शिवाय शोषणाची ताकदही चार-पाचपट होते. उरतो तो जांभळट गडद निळा.

व्हायव्हात विचारतात की गडद निळा रंग आला म्हणजे तांबंच का? नाही. निकेलही अमोनियाबरोबर निळा-जांभळा होतो. म्हणून द्रावण ॲसेटिक आम्लाने आम्ल करून पोटॅशियम फेरोसायनाइड टाकायचं. चॉकलेटी साका आला तर तांबं पक्कं.

मी नटावरचा डाग खरवडून थोड्या विरल आम्लात विरघळवला, अमोनिया टाकला. गडद निळा! चॉकलेटी साकाही आला. उड्या मारत सरांकडे गेलो. सर शांतपणे म्हणाले, "छान. पितळेत तांबं असतं हे तू सिद्ध केलंस."

तोंड पाडून परत लॅबमध्ये. मला तांबं नव्हे, अमोनिया सापडायला हवा होता. मामांनी सांगितलं तसं उरलेला डाग सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून हलकं गरम केलं आणि नळीच्या तोंडावर, कडेला न टेकवता, ओला लाल लिटमस धरला. हळूहळू तो निळा झाला. डागात अमोनियम होतं. आता पुढे.

धातूचं तांबंही सुटत नाही

पण द्रावणातल्या आयनांचं ठीक आहे. नटातलं तांबं तर धातू आहे. अमोनिया त्याला कसा खाणार?

याचा प्रयोग मामांनीच दाखवला. छोट्या बाटलीत तांब्याच्या तारेचे तुकडे, वर अमोनियाचं द्रावण, थोडी हवा राहील असं बूच. तासा-दोन तासांत द्रावण निळं व्हायला लागलं. हवेतला ऑक्सिजन तांब्याचे इलेक्ट्रॉन घेतो आणि तयार होणाऱ्या आयनाला अमोनिया लगेच उचलून नेतो. दोन तांबे, आठ अमोनिया, एक ऑक्सिजन आणि दोन पाणी, यातून दोन टेट्राअमाइन आयन आणि चार हायड्रॉक्साइड. एरवी तांब्यावर ऑक्साइडचा थर बसतो आणि तो आतल्या धातूला राखतो. इथे थर टिकतच नाही.

मग बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करून ठेवली. दुसऱ्या दिवशी निळा रंग फिका, नंतर जवळपास गायब! आतला ऑक्सिजन संपला की टेट्राअमाइन आयन स्वतःच उरलेल्या तांब्याला खातो आणि दोघं मिळून एक धन भाराचा डायअमाइन आयन बनवतात. तो रंगहीन असतो. बूच उघडलं की वरून पुन्हा निळा रंग उतरायला लागतो. ईअँडटीसीच्या मित्रांसाठी सांगतो : आपण होस्टेलवर फेरिक क्लोराइडने पीसीबी खरवडतो, पण मोठ्या कारखान्यांत अमोनियायुक्त द्रावणाने तांबं काढण्याची पद्धत आहे, ती याच प्रक्रियेवर चालते. तांबं खाऊन थकलेल्या द्रावणात हवा सोडली की ते पुन्हा ताजं!

बर्फाच्या कारखान्यात आणि मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियावर चालणारी यंत्रं पाहिली असतील तर आठवा, सगळे पाइप पोलादी. तांब्याची नळी किंवा पितळी व्हॉल्व्ह तिथे चालत नाही. आपल्या घरच्या फ्रिजमध्ये तांब्याच्या नळ्या चालतात, कारण त्यात अमोनिया नसतो. रेफ्रिजरेशनच्या पेपरात 'अमोनियाबरोबर तांबे वापरत नाहीत' ही एक ओळ आपण पाठ करतो. तिच्यामागे एफईची परीक्षानळी आहे.

पावसाळा, काडतुसं आणि आमचा नट

तरीही नट झिजला नव्हता, तडकला होता. त्याचं उत्तर सरांनी दिलं आणि ते थेट आपल्या देशाच्या इतिहासातलं निघालं.

ब्रिटिश अमलात सैन्याची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्यात साठवून ठेवली की आपोआप तडकायची. न वापरता! पावसाळ्याच्या मोसमात होतं म्हणून या रोगाला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' हेच नाव पडलं. काडतुसं तबेल्यांजवळ असायची. घोड्यांच्या मुतातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. दमट हवेत तो पितळेवर साचलेल्या पाण्याच्या पापुद्र्यात मुरायचा. अमोनियाचा हा हात मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये उलगडून दाखवला.

असं तडकायला तीन गोष्टी एकत्र लागतात. एक, पितळ. त्यात जस्त जितकं जास्त तितका धोका जास्त. काडतुसाच्या पितळेत ते ३० टक्के असतं. दोन, दमट हवेतला अमोनिया. तीन, धातूत आधीच असलेला ताण. काडतूस ओढून घडवताना त्यात ताण राहून जातो. अमोनिया कणांच्या सीमांवरून आत शिरतो आणि ताण ती वाट उघडी करत जातो. तिन्हींतली एक काढली की रोग थांबतो. काडतुसांचा इलाजही तोच निघाला. घडवल्यावर बेताच्या तापमानाला तापवून ताण काढून टाकायचा.

सरांनी आमच्या नटाचा तुकडा कापून, घासून आरसा केला आणि त्यावर एचंट लावला. कुठला? अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड! पुन्हा तीच प्रक्रिया, फक्त या वेळी आपल्या कामाला. मायक्रोस्कोपमध्ये कण उठून दिसले आणि चीर दिसली, कणांच्या कडेकडेने फाटे फोडत गेलेली. हातोड्याने फुटलेलं पितळ असं दिसत नाही, ते आधी वाकतं.

मी जिंकलो होतो. पितळ होतंच. अमोनिया होता. सरांनी सहज विचारलं, "आणि ताण? नट बसवताना इतका ताण कुठून आला?"

मी गप्प झालो. दोन महिन्यांपूर्वी तो नट ठिबकत होता. रात्री ठिबक ठिबक आवाजाने झोप येईना, म्हणून वर्कशॉपमधून पाइप रेंच आणून तो आवळला होता. जोर लावून, वर पाय देऊन. आवळणारा मीच! शिवाय मुताऱ्यांवरचा झरोका डास येतात म्हणून आम्हीच ड्रॉइंगच्या पुठ्ठ्याने बंद केला होता. अमोनिया जाणार कुठे?

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. नट फोडला नाही हे खरं होतं. पण 'आपोआप' तडकला हेही खरं नव्हतं. नुसता मायक्रोस्कोपचा फोटो दाखवला असता तरी रेक्टर सरांना पटलं असतं, तिसरी गोष्ट कोणी विचारली नसती. पण २१ पोरांच्या नावापुढे शेरा होता, आणि तीनपैकी दोनच कारणं सांगणं म्हणजे साका धुऊन गाळण्यासारखंच होतं.

सकाळी रेक्टर सरांकडे गेलो आणि तिन्ही सांगितली. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे दंड तुझ्या एकट्याकडूनच घ्यायला हवा!" मग हसले. रजिस्टरमधला शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला. नटाचे आणि प्लंबरचे पैसे मी भरले, बाकीच्यांचा दंड मेसच्या खात्यात वळता झाला. पुठ्ठा निघाला आणि झरोक्याला जाळी बसली.

आता मित्रांनो, जाता जाता चार गोष्टी. पितळी नट ठिबकत असेल तर आवळत बसू नका, वॉशर बदला. मुताऱ्या आणि संडासांचे झरोके उघडे ठेवा. पितळेवर निळा-हिरवा डाग दिसला तर तो पुसून टाकण्याआधी कोणाला तरी दाखवा. आणि सफाई करणाऱ्या मामा-मावशींना सांगा, अमोनिया असलेलं क्लीनर आणि ब्लीचिंगचं पाणी कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

आणि एफईच्या पोरांनो, मोरचुदात अमोनिया टाकाल तेव्हा जर्नलमध्ये समीकरण उतरवण्याआधी एकदा साका धुऊन बघा. नाही विरघळला तर मामांना विचारा. नवसागराचा डबा अजून त्याच फडताळात आहे.